बावीस पेरं

२७ सप्टेंबर, शुक्रवार

बोट आजही ठणकतंय. उजव्या हाताचं मधलं, शेंड्याला. बाभळीचा काटा रुतून आठ दिवस झाले. काटा निघाला, ठणका राहिला. हळद-चुना भरून वर चिंधी बांधली आहे. सुनेनं विचारलं, तर विळ्यानं कापलं म्हणून सांगितलं. सुजाता पुलगावच्या शाळेत गणित शिकवते. घरातली सासू तिला अजून सुटलेली नाही.

ही वही नातीनं धाडली. श्रावस्ती पुण्याला नोकरी करते, म्हणते, आजी, रोजचं काहीबाही नोंदवत जा. मला अक्षर येत नाही हे तिला ठाऊक आहे. पण हुकूम सोडायला काय लागतं? म्हणून मी बोलते आणि शेजारच्या आळीतली कुसुम लिहिते. चौथी पास. पत्रांच्या काळी गावातल्या निम्म्या बायांची माहेरं हिच्याच हातानं खुशाल होती. माझं ‘मले’ खोडून ती ‘मला’ करते. करू दे. शिकलेल्या माणसाला काहीतरी खोडायला लागतंच. लोकांचं बोलणं मात्र जसंच्या तसं लिहिजो, एवढं बजावलं आहे. सुजाताचं ती ‘सु.’ करते. म्हणते, शाई वाचते.

काट्याचं सु.ला सांगायचं नाही, अशी कुसुमला आण घातली.

“अवं पण काऊन?”

“मले साखर आहे. तिले समजलं की धरून नेते दवाखान्यात.”

“मंग जाय ना बाप्पा!”

पौर्णिमेला वीस दिवस आहेत. तोवर हा हात कुठल्याही डॉक्टरच्या हातात द्यायचा नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

रमेश येऊन गेला. विहार समितीचा सचिव, पेटीही तोच वाजवतो. पावसाळाभर विहारात ग्रंथ वाचतात, अश्विन पौर्णिमेला समाप्ती. त्या दिवशी धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा मी देते. मी एक म्हणायची, मागून सगळ्या वस्तीनं म्हणायची. किती वर्षं झाली, मोजली नाहीत. यंदा त्याच्या मनात वेगळंच आहे.

“आजी, या साली रेकॉर्डिंग लावून देऊ. तुमाले तरास नाई.”

“मले कोणता तरास?”

“मागच्या साली सोळावर थांबल्या होत्या तुमी.”

“खोकला आलता.”

“थांबल्या तं होत्याच ना.”

मी म्हटलं, बाबू, भोंग्याले खोकला येत नाई हे खरं. पण भोंग्यानं आजवर एक तरी प्रतिज्ञा पाळली काय? तो हसला. पण जाता जाता बोललाच, “भोंगा तयार ठेवतो. एक बी चुकली तं चालू करीन. लोक बाहेरगावाहून येऊन राह्यले.”

एक चुकली तर. म्हणजे एकवीस झाल्या तर.

मी सोळाची होते तेव्हा सासूनं शिकवल्या. तिलाही अक्षर नव्हतं. म्हणाली, डोक्यात ठेवशील तर सांडतील, हातावर ठेव. अंगठा फिरवायचा, एका पेरावर एक. उजव्या हाताची चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, बारा झाली. करंगळीच्या मुळापासून सुरुवात. उरलेल्या दहा डाव्या हाताला. डाव्या करंगळीची वरची दोन पेरं रिकामी राहिली. “इथे काय ठेवू?” विचारलं, तर म्हणाली, “नवऱ्याच्या खोड्या ठेव.” दोनात मावल्या नसत्या.

चार वर्षांनी कडबा कापायच्या मशीनमध्ये माझी डावी करंगळी गेली. किती गेली? वरची दोन पेरं. रिकामी होती तेवढीच. तेव्हापासून माझ्या दोन हातांवर मोजून बावीस पेरं आहेत. मशीनलाही मोजता येत होतं.

आणि आता हा काटा रुतला कुठे? नवव्यावर. ‘सगळी माणसं सारखी’ ही तिथे बसते. सगळ्यात उंच बोटाच्या शेंड्यावर. सासूनं मुद्दाम ठेवली, की मोजता मोजता तिथे आली, विचारायचं राहून गेलं.

२ ऑक्टोबर, बुधवार

सु. शाळेतली जयंती आटोपून अकरालाच घरी. दिवसभर हात पदराखाली. उकडून निघाले.

“आई, तुम्हाले या बावीसचा एवढा ध्यास काऊन?” विचारत बसली. मग तिचीच गाडी सुटली. गणितवाल्या बाईला आकडा दाखवणं म्हणजे मांजरीला दूध दाखवणं. म्हणे बावीस लिहिला की डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, बावीसच. कुसुमनं इथे समासात काढून दाखवला. दोन बगळे, एकाच दिशेला तोंड केलेले. म्हणे दोन अकरा जोडले की बावीस, क्रिकेटच्या सामन्यात तेवढेच खेळाडू, आणि मधली पट्टीही बावीस यार्डांची. मी म्हटलं, बावीस जण आणि चेंडू एक? दुसरा घेऊन द्या कोणीतरी.

मग मालकांची आठवण निघाली. ते विहिरी बांधायचे. त्यांनाही अक्षर नव्हतं, पण विहीर सात हात आडवी असली की गोल कडेला बावीस हात दगड लागतो, हे पक्कं. सु. म्हणाली, “हाव, तेच मी सातवीले शिकवते.” मी म्हटलं, शिकवत असशील. पण शेवटचा दगड दर वेळी गव्हाच्या दाण्याएवढा तासावा लागे, ते शिकवतेस काय?

तिनं कागद घेतला. आकडे मांडले. मग म्हणाली, “आई, बाबा बरोबर होते. पूर्ण बावीस भरत नाई. चार मिलीमीटर कमी पडते.”

“मंग? विहिरीनं पाणी सोडलं काय?”

कुसुमे, तुमच्या वावरातली विहीरही सातच हाताची ना?

(कुसुम लिहिते आहे.)

५ ऑक्टोबर, शनिवार

नख निळं होतं, आता काळं. कालपासून अंगात कणकण. जेवताना घास डाव्या हातानं. सु.ला म्हटलं, बदल म्हणून.

कुसुमनं पेन खाली ठेवलं. “मी नाई लिहीत. सुजातेले सांगून येते.”

“सांगशील तं तुह्या सुनेबद्दल या वहीत काय काय आहे, ते तुह्या सुनेले वाचून दाखवीन.”

“तुले वाचता येते काय, पंचफुले?”

हरले. सोमवारपर्यंत मुदत मागितली. दिली, पण पेन उचलताना डोळे पुसले तिनं. मला उगाच जास्तच दुखायला लागलं.

६ ऑक्टोबर, रविवार

गेलं सगळं. भाकरीनं घात केला.

सु.नं जवारीची भाकर पाटावर ठेवली, हातात सुरी दिली. “आई, सहाच काप. सरळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. जास्तीत जास्त किती तुकडे?” मी म्हटलं बारा. ती म्हणे बावीस. मी म्हटलं, भाकर माझी आहे, खोटं बोलू नकोस.

पहिल्या भाकरीचे बाराच झाले. सगळे काप मधोमध घातले होते. दुसरीचे सतरा. तेव्हा तिनं मर्म सांगितलं. प्रत्येक काप बाकी सगळ्या कापांना भेटला पाहिजे, पण दोघांच्या भेटीत तिसरा येता कामा नये. म्हटलं, हे आधी सांगायचं होतंस, गावातल्या बाया अशाच भेटतात.

तिसरी भाकर. पाच काप जमले, सोळा तुकडे. सहावा तिरका न्यायचा होता, सगळ्या पाचांना गाठत. तुकडे हलू नयेत म्हणून उजव्या हाताच्या बोटांनी भाकर दाबून धरली, सुरी डाव्या हातात. सुरी कडेला पोचली आणि डोळ्यांपुढे काजवे. चिंधी सुटली. भाकरीवर डाग पडला, पिवळा-लाल.

सु.नं मनगट धरलं. बोट उजेडाला नेलं. ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडले असते.

“विळ्यानं कापलं म्हणालात.”

खोटं न बोलायची प्रतिज्ञा डाव्या हातावर आहे. मोडली उजव्यानं. काय बोलणार?

गाडी सांगितली आहे, उद्या पहाटे वर्धेला. कुसुम आल्या आल्या विचारते काय, तर “तुकडे किती झालते?”

बावीस. एक तिळाएवढा होता.

७ ऑक्टोबर, सोमवार (दवाखान्यातून. मी फोनवर बोलते, कुसुम घरी लिहिते.)

भरती करून घेतलं. साखर भरमसाट. फोटो काढला, बोटाच्या शेंड्याच्या हाडाला लागण आहे म्हणे. डॉक्टरीण आमच्या श्रावस्तीच्या वयाची.

“आजी, किती दिवस लपवलं?”

“अठरा.”

“मोजत होतात?”

“दुसरं काय येते मले?”

तिनं निळ्या पेनानं बोटाभोवती रेघ ओढली, वरच्या सांध्याच्या थोडी वर. सलाईनमधून औषध सुरू. काळं या रेघेवर थांबलं तर ठीक. रेघ ओलांडली तर वरचं पेर काढायचं. थांबायचं नाही.

मी म्हटलं, काढा, पण पौर्णिमेनंतर. दहाच दिवस.

तिनं खुर्ची ओढली. “दहा दिवसांत पूर्ण बोट जाऊ शकते, आजी. हातावर बी चढू शकते.”

सु. खिडकीशी उभी होती. तिथूनच बोलली, फळ्यावर लिहिल्यासारखी. “बावीसातून एक गेला, एकवीस. तीन गेले, एकोणीस. हात गेला, दहा.” मग वळली. “उत्तर तुम्ही द्यायचं, आई. मी नाई देणार.”

मी रेघेकडे बघत पडले.

९ ऑक्टोबर, बुधवार (फोनवर)

काळं अजून रेघेच्या वर, शेंड्याकडेच. दोन दाण्यांचं अंतर असेल. डॉक्टरीण सकाळी बघून ‘हं’ म्हणाली. ‘हं’ म्हणजे काय, विचारलं तर पुन्हा ‘हं’.

दिवस जाता जात नाही. सु.नं पर्समधून आठ चिंचोके काढले. “यांचे ढीग करा. एक ढीग, दोन ढीग, कितीही. किती तऱ्हा होतात ते मोजा.” मी म्हटलं, आता बावीस म्हणू नकोस. ती गप्प. म्हणजे बावीसच.

चादरीवर डाव्या हातानं मांडत बसले. सात नि एक. सहा नि दोन. सहा नि एक नि एक. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी बघून तिच्या लेकीला म्हणाली, “या बाईचं डोकं बी तपासाले सांग.” आठही वेगवेगळे मांडेपर्यंत एकवीस झाल्या. पुन्हा मांडल्या. एकवीस. घाम फुटला. चिंचोक्यांच्या खेळात कोणी घाबरतं का? मी घाबरले. एक हरवते आहे आणि कुठली ते कळत नाही. स्टेजवर असंच होणार.

सु.नं आठही चिंचोके उचलून एका जागी ठेवले. “ही राहिली.”

“ही कशी वाटणी? हा तं एकच ढीग आहे.”

“एक ढीग बी चालते म्हटलं होतं मी.”

सगळे एकत्र. तेवढंच सुचलं नव्हतं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार (फोनवर)

काल काळं रेघेला टेकलं. आज रेघ दिसत नाही. काळ्याखाली गेली.

डॉक्टरीण म्हणाली सोमवारी. सही लागेल. मी म्हटलं, सही येत नाही. मग अंगठा. मी म्हटलं, सांगते.

सु. बाहेर जाऊन नवऱ्याशी फोनवर बोलली. माझा लेक नोकरीपायी लांब आहे, सुट्टी काढून येतो म्हणत होता. येऊन काय करणार? त्याच्याकडे काय जास्तीचं पेर आहे?

तिचं बोलणं झालं आणि मी डोळे मिटून पहिलीपासून अंगठा फिरवला. नवव्यावर अंगठा टेकवला तर आग. तिथून पुढे सरकवत नाही. आता बास. फोन ठेव.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

कुसुम स्वतः आली. दोन एसट्या बदलून, वही पिशवीत घालून. घरी सणाचा स्वयंपाक सुनेवर टाकून आली. सोबत बाटलीभर पाणी. “आमच्या विहिरीचं आहे. इथलं मचूळ लागते म्हणालती ना तू.”

बाटली बघून माझ्या तोंडून निघालंच. आज लिही म्हटलं, कुसुमे. नवव्या पेराची गोष्ट.

तुमची विहीर माझ्या नवऱ्यानं बांधली. सात हात आडवी, बावीस हात दगड. अडीच महिने लागले. शेवटचा दगड गव्हाएवढा तासून बसवला, त्या दिवशी दुपारी तहान लागली त्यांना. स्वतः बांधलेल्या विहिरीच्या काठावर उभे. तुझ्या सासऱ्यानं बादलीला हात लावू दिला नाही. वरून ओतलं. हे उकिडवे बसले आणि ओंजळीनं प्याले. मी भाकर घेऊन गेलते, मी पाहिलं.

पेन थांबलं.

“लिही ना.”

“लिहून राह्यली.”

“ओतणारी कोण होती, ते लिही.”

पलीकडची म्हातारीसुद्धा घोरायची थांबली.

“मीच होती,” कुसुम म्हणाली. “नवी नवरी होती मी. सासऱ्यानं सांगतलं, तांब्या उंच धर.”

“ठावं आहे मले.”

“एवढे साल काऊन नाई बोलली?”

“नववी म्हणताना बोलत होतीच की. दर साली. तू ऐकाले येत नव्हतीस.”

तिनं लिहिलं. तिच्याच अक्षरात आहे, वर बघा. मी वाचू शकत नाही, पण तिनं गाळलं नाही हे मला माहीत आहे.

बाटली दोघींनी मिळून संपवली. तोंड लावून. दवाखान्यातलं पाणी खरंच मचूळ आहे.

चारच्या एसटीनं ती गेली. ती गेल्यावर डॉक्टरिणीला बोलावलं आणि अंगठा दिला. उजवा हात दुखरा, म्हणून डावा. शाई लावून कागदावर दाबला. पेरांवर फिरायचं काम ज्याचं, त्यालाच एक पेर काढायचा हुकूम द्यावा लागला. (हे शेवटचं संध्याकाळी फोनवर सांगितलं.)

१५ ऑक्टोबर, मंगळवार (फोनवर)

काल काढलं.

हात बांधून दुधी भोपळ्याएवढा केला आहे. चारही बोटं आत. सुजेसाठी म्हणे. म्हणजे एक पेर गेलं, पण बाराही बंद पडली. पट्टी शनिवारी उघडणार. लागण थांबली, की अजून खाली कापावं लागणार, ते तेव्हा कळेल. तोवर कोणी काही बोलत नाही. ‘हं’सुद्धा नाही.

एक गंमत. गेलेलं पेर दुखतं. नर्सला सांगितलं तर म्हणाली, होतं तसं, जागेला सवय असते. मी म्हटलं, बाई, हे पेर आधीही दुखायचंच.

अंगठा पट्टीच्या आत हलवून मनातल्या मनात पहिली, दुसरी, तिसरी. नववीला जोराची कळ आली, म्हणून ती आठवली. दहावी आली. अकरावर अडकले. अकरा की बारा? दोन्ही सरमिसळ. पुन्हा पहिलीपासून. पुन्हा अकरावर. छप्पन्न वर्षं रोज म्हटलेलं. हात बांधला तर गेलं?

रमेश भेटायला आला, बिस्किटांचा पुडा घेऊन. पट्टी बघून गडबडला. मी म्हटलं, भोंगा पुसून ठेवला काय?

“तसं नाई, आजी.” मग तोही बसल्या बसल्या बावीसच काढतो. या आकड्यानं माझी पाठच धरली आहे. “सुरांच्या बी बावीस श्रुती राह्यते. माह्या पेटीत सप्तकाले पट्ट्या बाराच.”

“बाकीच्या दहा?”

“गळ्यातून काढा लागते.”

“आन पेटीच बंद पडली तं?”

त्यानं बिस्किटांचा पुडा उशाशी ठेवला. जाताना म्हणाला, “भोंगा ठेवतोच. तुम्ही नाराज नका होऊ.” खरं बोलला. रागही धरता येत नाही मेल्याचा.

१६ ऑक्टोबर, बुधवार

घरी सोडलं. शनिवारी परत बोलावलं आहे. गोळ्या सात तऱ्हेच्या. सु. एकेक मोजून देते, मी एकेक गिळते.

दुपारी म्हणून बघितल्या. पहिल्यांदा एकवीस. दुसऱ्यांदा वीस. डावा हात ठीक चालतो, तेरावीपासून खाली बाविसावीपर्यंत, करंगळीच्या खुंटापर्यंत सरळ. पण तिथवर पोचायला आधीच्या बारा पाहिजेत.

सु.नं चिंचोके काढून दिले. बारा, ओळीत. पण चिंचोका चिंचोक्यासारखा दिसतो. त्याला मूळ नाही, शेंडा नाही. पेराला असतं. सु. म्हणाली, “माझ्या हातावर मोजा, आई.” तिच्या हातावर मोजलं. ती शेजारी बसून माझ्याआधी ओठ हलवते, शिक्षिकेची खोड. मी तिच्या ओठांकडे बघते आणि चुकते. वैतागून म्हटलं, तू वर्गातच बरी.

कुसुम वही मांडीवर घेऊन हे सगळं बघत होती. तिनं पेनाला टोपण लावलं. उजवा हात माझ्यापुढे पसरला.

“माह्यावर मोज.”

“तुले येतात काय प्रतिज्ञा?”

“एक बी नाई येत. म्हणून तं म्हणते.”

तिची करंगळी. मुळाचं पेर, पहिली. सुरकुतलेली बोटं, माझ्याच वयाची. हळद, विळी, पेन सगळ्यांचे घट्टे. डावा अंगठा चढत गेला. मधल्या बोटाच्या शेंड्याला निळी शाई लागली होती, याच वहीची. तिथे नववी. मी म्हटली. तिनं बोट मागे घेतलं नाही. पुढे दहा, अकरा, बारा. मग माझा डावा हात. बावीस.

सु.नं टाळी वाजवली. मी म्हटलं, थांब, पुन्हा. पुन्हा म्हटल्या तर एकवीस झाल्या. मधे कुठली सांडली, तिघींनाही कळलं नाही.

“उद्या स्टेजवर माह्याजोळ बसा लागन तुले,” मी कुसुमला म्हटलं. “हात धरून. साऱ्या गावासमोर. तुह्या पोराले चालन काय?”

“त्याले इचारलं नाई.”

“आन इचारलं तं?”

“हात माहा आहे.”

१७ ऑक्टोबर, गुरुवार, पौर्णिमा

दुपारचे चार. विहारातून रमेशचा आवाज, हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. मग भोंग्यातून कोणाचा तरी गुळगुळीत आवाज, पहिली प्रतिज्ञा. लगेच बंद केली. तपासून घेतोय. घेऊ दे.

सकाळपासून पट्टीच्या आत ठणका आहे. गेलेल्या पेराचा की राहिलेल्याचा, सांगता येत नाही. सु.नं तापमापी लावली. थोडा आहे म्हणाली. किती, ते सांगितलं नाही. शनिवारी कळेल सगळं.

सकाळी चार वेळा म्हटल्या. बावीस, बावीस, एकवीस, बावीस. सु. म्हणते, चारातून तीन म्हणजे चांगलं आहे. मी म्हटलं, मालकांनी चारातल्या तीन विहिरी धड बांधल्या असत्या तर?

नुसती बसले होते, तोवर तिनं माझं पांढरं लुगडं इस्त्री करून आणलं. नेसवताना पट्टी अडकू नये म्हणून चोळीची बाही उसवली. मी चिडवलं नाही. एवढं एक चुकलंच आज.

कुसुम पांढरी साडी नेसून आली आहे. तिच्याकडे पांढरी नव्हती, सुनेची मागून आणली. काय सांगून मागितली, विचारलं तर म्हणते, “खरंच सांगतलं.” हात घासून घासून धुतले आहेत तिनं. शेंड्यावरची शाई मात्र गेली नाही. राहू दे, तेवढीच मला खूण.

सहाला सुरू. आता निघायचं. कुसुम विचारते, संध्याकाळचं काय झालं ते कधी लिहायचं?

कोण लिहील, कुसुमे? लिहिणारा हात तर माझ्याकडे असणार.